गावातील युद्धस्मारक कसे पाहावे आणि त्याचा इतिहास कसा शोधावा

सातारा, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, पुणे, कोल्हापूर अशा जिल्ह्यांतील अनेक गावांत चावडीच्या, शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीत बसवलेली एक लहान संगमरवरी शिळा आढळते. १९१४ ते १९१९ या काळातील महायुद्धावर या गावातून इतकी माणसे गेली आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच तिच्यावरील मजकुराचा आशय असतो. मजकूर ठरावीक साच्याचा असून गावागणिक बदलतात ते प्रामुख्याने दोन आकडे. नाव मात्र एकाही माणसाचे नसते. त्या काळच्या सरकारला संख्या पुरेशी वाटली असेल, पण गावाला ती पुरेशी वाटू नये असे मला मनापासून वाटते. म्हणून पुढील मार्गदर्शन मुख्यतः एकाच कामाविषयी आहे: शिळेवरील आकड्यापासून माणसांच्या नावांपर्यंत कसे पोहोचावे.

स्मारक नेमके कशाचे आहे, हे आधी ठरवावे

एकाच गावाच्या वेशीत वेगवेगळ्या काळांतील चार-पाच स्मारके असू शकतात आणि गावकरी त्या सर्वांना सरसकट ‘शहीद स्मारक’ म्हणत असतात. त्यामुळे निघण्यापूर्वी, किंवा निदान पोहोचल्याबरोबर, आपण कशासमोर उभे आहोत हे ठरवून घ्यावे. देवळाच्या आवारात उभा असलेला शिल्पपट, ज्याच्या खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला घेऊन जाणाऱ्या अप्सरा आणि वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा कोरलेली आहे, तो वीरगळ होय. तो मध्ययुगीन असतो आणि त्याचा अभ्यास हे वेगळे शास्त्र आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस राज्य शासनाने गावोगावी उभारलेली हुतात्मा स्मारके स्वातंत्र्यलढ्यातील बलिदानाची आहेत. वडूजचे स्मारक ९ सप्टेंबर १९४२ च्या मोर्चावरील गोळीबाराचे आहे, परकीय भूमीवरील युद्धाचे नव्हे. स्वातंत्र्योत्तर युद्धांत किंवा सीमेवर वीरमरण आलेल्या जवानांचे पुतळे आणि स्तंभ बहुधा कुटुंबाने, ग्रामपंचायतीने किंवा माजी सैनिकांच्या संघटनेने उभारलेले असतात. शिवाय २०२३ च्या ‘मेरी माटी मेरा देश’ या मोहिमेत ग्रामपंचायतींनी शिलाफलक बसवले, त्यांवर स्वातंत्र्यसैनिक आणि जवान या दोघांचीही नावे असू शकतात.

यांत कोरेगाव भीमा येथील जयस्तंभाचे स्थान निराळे आहे. १ जानेवारी १८१८ रोजी पेशव्यांच्या फौजेशी झालेल्या लढाईतील कंपनी सरकारच्या सैनिकांचे ते स्मारक असून त्यावर ४९ नावे आहेत. त्यांपैकी २२ नावे महार सैनिकांची आहेत आणि नावापुढील ‘नाक’ या प्रत्ययावरून ती ओळखता येतात. म्हणजे गावच्या शिळेच्या सुमारे शंभर वर्षे आधी उभारलेल्या स्तंभावर साध्या शिपायांची नावे कोरली गेली होती. ही गोष्ट लक्षात ठेवली तर १९१९ नंतरच्या शिळांवरील नावांची अनुपस्थिती अधिकच खटकते. या स्तंभावरील लेख शांतपणे वाचायचा असेल, तर १ जानेवारीच्या मोठ्या मेळाव्याचे दिवस सोडून जावे.

प्रवासाची वेळ आणि गावाची निवड

पहिलीच भेट असेल, तर ज्या गावाला आपल्या सैनिकी परंपरेची जाण आहे असे गाव निवडणे सोयीचे ठरते. सातारा शहरापासून सुमारे १८ किलोमीटर अंतरावरील अपशिंगे हे असे गाव आहे. सैन्यात जाण्याच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या परंपरेमुळे त्याच्या नावापुढे ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा जोडला गेला आहे. पहिल्या महायुद्धात या गावातील ४६ जणांनी प्राण दिल्याचे सांगितले जाते आणि त्यांचे स्मारक गावात आहे. या नावाशी मिळतीजुळती गावे अन्यत्रही आहेत, तुळजापूर तालुक्यात अपसिंगा आहे. म्हणून एसटीची चौकशी करताना आणि पुढे कागदपत्रांत शोध घेतानाही तालुका आणि जिल्हा नेहमी बरोबर सांगावा.

दुसऱ्या महायुद्धाचा माग काढायचा असेल, तर रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुका योग्य आहे. तेथील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ रोजी इटलीतील वरच्या टायबर खोऱ्यात गाजवलेल्या शौर्याबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यसन्मान मरणोत्तर मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे, इटलीतील कॅसिनो येथील स्मारकावर त्यांचे नाव आहे आणि ज्या मोंतोने गावाच्या परिसरात ते लढले तेथे जुलै २०२३ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळाच्या रूपातील स्मारक उभारले गेले. एका माणसाची तीन स्मारके, त्यांपैकी दोन परदेशी मातीत: इतिहास शोधणाऱ्याने आपल्या गावच्या शिळेचे दुसरे टोकही असेच दूर कोठेतरी आहे असे गृहीत धरूनच काम सुरू करावे. अहिल्यानगर जिल्ह्यात संगमनेर तालुक्यातील निमज हे गाव नामदेव जाधव यांचे. त्यांना ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतील सेनिओ नदीवर केलेल्या पराक्रमाबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि ते युद्धातून परतले.

सह्याद्रीच्या पायथ्याशी आणि कोकणात पावसाळ्यात शिळांवर शेवाळ चढते आणि अक्षरे दिसेनाशी होतात, म्हणून दिवाळीनंतरचे महिने उत्तम. माझा आणखी एक आग्रह असा की शक्य असल्यास गावच्या यात्रेच्या आगेमागे दोन दिवस जावे. नोकरीत असलेले जवान त्या वेळी रजा काढून गावी येतात, मुंबई-पुण्यात स्थायिक झालेली कुटुंबे येतात आणि एरवी बंद असलेली घरे उघडी असतात. यात्रेच्या मुख्य दिवशी मात्र कोणाला वेळ नसतो. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्ट या दिवशी स्मारकावर मानवंदना होते, तिला उपस्थित राहावे. पण त्या दिवशी चौकशीचा पसारा मांडू नये.

शिळा कशी वाचावी

आधी ग्रामपंचायतीत जाऊन सरपंच किंवा ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) यांना आपण कोण आणि कशासाठी आलो हे सांगावे, आणि शिळा शाळेच्या भिंतीत असेल तर मुख्याध्यापकांची परवानगी घ्यावी. शिळेसमोर गेल्यावर चप्पल काढून नमस्कार करण्याची पद्धत बहुतेक गावांत आहे, ती पाळावी. नंतर संपूर्ण मजकूर, ओळी जशा तुटल्या आहेत तशाच तोडून, वहीत उतरवून घ्यावा. चुकीचे वाटणारे शब्दलेखनही जसेच्या तसे ठेवावे, कारण गावाच्या नावाचे त्या काळचे इंग्रजी स्पेलिंग पुढे शोधाच्या कामी येते.

छायाचित्र सकाळी लवकर किंवा सूर्यास्तापूर्वी घ्यावे. तिरप्या उन्हात झिजलेल्या अक्षरांच्या कडांची सावली पडते आणि दुपारी न दिसणारी अक्षरेही वाचता येतात. सावलीतल्या भिंतीवर हेच काम बाजूने धरलेली विजेरी करते. शेवाळ किंवा धूळ असेल तर साधे पाणी आणि मऊ कुंचला एवढेच वापरावे. संगमरवर आम्लाने विरघळतो, त्यामुळे लिंबू, चिंच, व्हिनेगर किंवा फरशी साफ करण्याची द्रव्ये यांचा थेंबही लागू देऊ नये. अक्षरांत खडू भरणे, ऑइलपेंट लावणे आणि तारेच्या ब्रशने घासणे हे प्रकार सद्भावनेने केले जातात, आणि त्यांतूनच अक्षरे कायमची जातात. जुन्या शिळेवर नवी ग्रॅनाइटची पाटी ठोकण्याला तर माझा स्पष्ट विरोध आहे. नवी पाटी शेजारी लावावी, जुनी झाकू नये.

शिळा मुळात कोठे होती, हेही विचारावे. चावडी पाडून ग्रामपंचायतीची नवी इमारत झाली, शाळा दुसऱ्या जागी गेली, तेव्हा शिळा हलवली गेली असेल. मजकुरात ‘या गावातून’ एवढेच शब्द असतील आणि गावाचे नाव नसेल, तर ती याच गावची आहे याची खात्री वृद्ध मंडळींकडून करून घ्यावी लागते.

दोन आकड्यांचा अर्थ

‘गेले’ आणि ‘परतले नाहीत’ हे आकडे वेगळे आहेत, ही बाब सांगण्याची गरज पडू नये, पण पडते. युद्धावर गेलेल्यांची संख्या हीच शहिदांची संख्या म्हणून भाषणांत आणि फलकांवर येते, आणि काही वर्षांनी तोच आकडा गावाचा इतिहास होऊन बसतो. दोन्ही आकडे पुन्हा मूळ शिळेवरून तपासून घ्यावेत.

१९१४-१९१८ ऐवजी १९१४-१९१९ का, असा प्रश्न मुले हमखास विचारतात. ११ नोव्हेंबर १९१८ रोजी पश्चिम आघाडीवर युद्धविराम झाला, परंतु जर्मनीशी तह २८ जून १९१९ रोजी झाला, आणि त्या वेळी दिल्या गेलेल्या विजयपदकावरही १९१४-१९१९ असेच वर्षांक आहेत. मृतांच्या अधिकृत गणनेत तर याहूनही पुढे जावे लागते: राष्ट्रकुल देशांच्या युद्धमृतांच्या कबरी, स्मारके आणि नोंदी सांभाळणारा कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन हा आयोग पहिल्या महायुद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ पासून ३१ ऑगस्ट १९२१ पर्यंतचे मृत्यू धरतो. त्यामुळे शिळा लागल्यानंतर जखमांनी किंवा आजाराने गेलेला माणूस शिळेच्या आकड्यात नसूनही आयोगाच्या नोंदीत असू शकतो.

‘गेले’ या आकड्यात केवळ बंदूक घेतलेले शिपाई होते असेही समजू नये. खेचरांच्या तुकड्या, डोली वाहणारे, मजूर पलटणी, स्वयंपाकी, भिस्ती आणि खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्स या लष्करी अभियंत्यांच्या दलातील कारागीर यांचीही भरती झाली होती. कोकणातील कितीतरी घरांतील माणूस सैन्यात नव्हे, तर व्यापारी जहाजावर खलाशी म्हणून गेला. अशा भारतीय खलाशांचे स्मारक मुंबईत वेगळे आहे आणि त्यात २ हजारांहून अधिक जणांची नोंद आहे.

गावात विचारपूस

आता काम गावातील घरांत शिरते, आणि येथेच बहुतेक अभ्यासक घाई करतात. पहिल्या भेटीत वही मिटून ठेवावी. पोलीस पाटील, निवृत्त सुभेदार, जुने शिक्षक आणि देवळाचे पुजारी यांच्याशी बोलून कोणकोणत्या घराण्यांत पलटणीची परंपरा आहे, त्याची यादी मनाशी करावी. नंतर घरी जाऊन ‘आजी, तुमच्या सासऱ्यांच्या घरातले कोणी लढाईवर गेले होते का’ असे साधेपणाने विचारावे. वर्षे आणि तारखा विचारल्या की माणसे गप्प होतात. त्यापेक्षा कोण बसऱ्याला गेले होते, कोणाचे पत्र येत असे, कोणाच्या नावाने पेन्शन येई, पेन्शन कोण आणि कोठून आणत असे, या प्रश्नांना उत्तरे मिळतात. घरात कुणी ‘बसऱ्याला गेले ते आलेच नाहीत’ असे म्हटले, तर मेसोपोटेमियाच्या मोहिमेकडे, म्हणजे आजच्या इराककडे, शोधाची दिशा वळवावी.

गावठाणात चार घरे फिरून परत येणे हा अन्याय आहे. मराठा घराण्यांच्या आठवणी सहज मिळतात, कारण त्या घरांकडे बोट दाखवणारे पुष्कळ असतात; परंतु सैन्यात महार, मुसलमान, रामोशी आणि इतर समाजांची माणसेही होती. महारांची भरती ब्रिटिशांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात बंद केली आणि महायुद्धातील मनुष्यबळाच्या टंचाईमुळे १९१७ मध्ये पुन्हा सुरू केली. त्या वर्षी उभी राहिलेली १११ वी महार पलटण १९२१ मध्ये मोडण्यात आली. ज्या पलटणीची आजची वारसदार सांगता येत नाही, तिच्या जवानांची आठवण राखणारी संस्थाही उरत नाही. म्हणून बौद्धवाड्यात, वाड्या-वस्त्यांवर, मोहल्ल्यात स्वतः गेल्याशिवाय शिळेवरील आकडा पुरा भरणार नाही.

माणसे भरती का झाली, याबद्दल गावात परस्परविरोधी उत्तरे मिळतील आणि ती सर्व लिहून घ्यावीत. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी पोळलेल्या कोरडवाहू मुलखात नियमित पगाराचे आकर्षण मोठे होते. घराण्याची परंपरा होती. आणि युद्धाच्या अखेरच्या वर्षांत भरतीचा तगादाही वाढला होता. कोल्हापूरचे शाहू महाराज भरतीला साहाय्य करीत होते, तर लोकमान्य टिळक स्वराज्याच्या हक्काशी सहकार्याची सांगड घालीत होते, आणि जून १९१८ मधील मुंबईच्या युद्धपरिषदेत गव्हर्नर विलिंग्डन यांनी अडवल्यावर ते सभा सोडून गेले. साम्राज्याच्या युद्धात मेलेल्या आपल्या माणसांना कसे आठवावे, हा प्रश्न त्या काळीही सोपा नव्हता. अभ्यासकाने त्याचे उत्तर गावावर लादू नये.

अलीकडच्या काळात वीरमरण आलेल्या जवानाच्या घरी जाताना अधिक जपावे. वीरमाता किंवा वीरपत्नी स्वतः बोलू लागल्या तर ऐकावे, प्रसंग उकरून काढू नये, ध्वनिमुद्रण विचारल्याशिवाय करू नये. पेन्शन, जमीन किंवा मदत मिळवून देण्याचे आश्वासन तर कधीच देऊ नये. सेवेत असलेल्या जवानांची पलटण, नेमणुकीचे ठिकाण आणि छायाचित्रे कोठेही प्रसिद्ध करू नयेत.

पदके आणि घरातील वस्तू

जुन्या पेटीत पदक निघाले तर ते घासूनपुसून चकचकीत करू नये, आधी त्याची कड वाचावी. ब्रिटिश वॉर मेडल आणि विजयपदक या दोन्हींच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. १९१४-१५ चा तारा या पदकावर हाच तपशील मागील बाजूस असतो. भिंगातून पाहून अक्षरन्‌अक्षर उतरवून घ्यावे. १९१४ चा तारा मिळालेला असेल, तर तो माणूस ५ ऑगस्ट ते २२ नोव्हेंबर १९१४ या दरम्यान फ्रान्स किंवा बेल्जियममध्ये होता, एवढे निश्चित होते. ब्रिटिश वॉर मेडल सामान्यतः चांदीचे असते. ते काशाचे निघाले, तर तो माणूस लढाऊ शिपाई नसून मजूर किंवा अन्य सेवकवर्गातील होता असे समजावे. सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाची, सिंह आणि स्त्रीची आकृती असलेली काशाची चकती मृताच्या वारसाला दिली जाई. तिच्यावर हुद्द्याशिवाय केवळ नाव असते, आणि गावच्या शिळेवर न कोरलेले नाव अनेकदा फक्त याच चकतीवर धातूत उमटलेले सापडते. अशा चकत्या मोडीत गेल्याचे वाचून वाईट वाटते. ती ज्या घरात आहे त्या घराला तिचे मोल समजावून सांगावे, पण विकत मागू नये.

कागदांत ‘जमादार’ हा हुद्दा आढळला तर गोंधळून जाऊ नये. तो आजच्या नायब सुभेदाराच्या जागचा अधिकारी होता.

पलटणीचा माग

पलटणीचा क्रमांक मिळाला की शोध वेगाने पुढे जातो, पण एक अडथळा पार करावा लागतो: १९२२ मध्ये भारतीय सैन्याची पुनर्रचना झाली आणि जुने क्रमांक नाहीसे झाले. १०३ वी मराठा लाइट इन्फन्ट्री ही नव्या पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन झाली, १०५ वी दुसरी, ११० वी तिसरी, ११६ वी चौथी, ११७ वी पाचवी, आणि ११४ वी ही दहावी, म्हणजे प्रशिक्षण बटालियन झाली. पहिली बटालियन आजही ‘जंगी पलटण’ आणि दुसरी ‘काळी पांचवी’ या नावाने ओळखली जाते. तिसरी बटालियन, जिच्यात पुढे यशवंत घाडगे लढले, स्वातंत्र्यानंतर पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन झाली. त्यामुळे ‘आजोबा ११० मराठामध्ये होते’ असे सांगणाऱ्या कुटुंबाला त्या पलटणीची आजची ओळख सांगता येते.

यांपैकी १०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणी सहाव्या, म्हणजे पुण्याच्या, डिव्हिजनमध्ये होत्या. ही डिव्हिजन बगदादच्या दिशेने चाल करून गेली, टेसिफोनहून माघारी फिरली आणि ७ डिसेंबर १९१५ पासून कूत-अल-अमारा येथे वेढ्यात सापडली. २९ एप्रिल १९१६ रोजी तिने शरणागती पत्करली. उपासमारीने खंगलेले सुमारे १३ हजार सैनिक आणि सेवक तुर्कांच्या कैदेत गेले, वाळवंटातून चालवत नेले गेले आणि भारतीय शिपायांपैकी पुष्कळांना रेल्वेच्या कामाला जुंपण्यात आले. या तीन पलटणींतील माणसाचा मृत्यू मे १९१६ नंतरचा असेल, तर तो युद्धकैदी होता का हे आधी तपासावे. महाराष्ट्रातील गावांच्या शिळांमागे कूतचा वेढा किती वेळा उभा असतो, याची जाणीव आपल्या शालेय इतिहासात अजिबात नाही, आणि ही उणीव मला फार टोचते. ११७ व्या पलटणीला त्या मोहिमेतील कामगिरीसाठी पुढे ‘रॉयल’ ही उपाधी मिळाली. ११४ व्या पलटणीचे नाव ऑक्टोबर १९१८ मधील मेसोपोटेमियातील शरकातच्या लढाईशी जोडलेले आहे.

मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगाव येथे आणि महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातील सागर येथे आहे. महार रेजिमेंटची स्थापना १ ऑक्टोबर १९४१ ची असल्याने पहिल्या महायुद्धातील माणसाचा शोध तिच्या नोंदींत घेऊ नये. केंद्रे लष्करी क्षेत्रात असल्याने आधी पत्र पाठवून, क्रमांक, नाव, गाव आणि अंदाजे वर्षे कळवून परवानगी घ्यावी.

आयोगाच्या नोंदींत नाव कसे शोधावे

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर मृत सैनिकांची यादी विनामूल्य पाहता येते. आडनाव टाकून शोध घेतल्यास निराशा होण्याची शक्यता अधिक, कारण भारतीय सैनिकांची नोंद बहुधा पहिल्या नावाने किंवा नाव-आडनाव एकाच रकान्यात अशी झालेली आहे. त्याऐवजी ‘अतिरिक्त माहिती’ या अर्थाच्या रकान्यात गावाचे नाव टाकावे. तेथे वडिलांचे नाव, गाव, तालुका, जिल्हा असा तपशील असतो. स्पेलिंग अनेक तऱ्हांनी करून पाहावे: ‘श’ च्या जागी ‘स’, शेवटी ‘ए’ च्या जागी ‘आय’, ‘व’ साठी इंग्रजीतील दोन्ही अक्षरे. जाधव, सावंत, पवार, घाडगे यांची तर तीन-तीन, चार-चार रूपे आढळतात. जिल्हा त्या काळचा टाकावा. आजचा सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीत होता आणि रायगडाचे नाव कुलाबा होते. कोल्हापूर, सावंतवाडी, फलटण, औंध ही संस्थाने असल्याने तेथील गावे ब्रिटिश जिल्ह्याखाली सापडणार नाहीत. नोंद मिळाल्यावर तिच्यासोबत दिलेल्या मूळ नोंदवहीच्या पानांची छायाचित्रेही उघडावीत. टंकलिखित यादीत गळलेला शब्द तेथे असू शकतो.

नोंदीत स्मारकाचे नाव येते आणि त्यावरून आघाडी कळते. फ्रान्समधील न्यव्ह शापेल येथे ४,७०० हून अधिक भारतीयांची नोंद आहे. इजिप्तमधील मृतांचे पोर्ट तौफिक येथील स्मारक १९६७ नंतरच्या इस्रायल-इजिप्त संघर्षात उद्ध्वस्त झाले आणि ते कैरोजवळील हेलिओपोलिस येथे नव्याने उभारले गेले. महाराष्ट्रातील माणसांसाठी सर्वांत महत्त्वाचे ते बसरा येथील स्मारक: मेसोपोटेमियात कबर न सापडलेल्या ४० हजारांहून अधिक जणांचे. १९९७ मध्ये ते मूळ जागेवरून नासिरियाच्या रस्त्यावर हलवले गेले. त्या स्मारकावर भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, पण शिपायांची केवळ संख्या दिली गेली आणि नावे नोंदवहीत राहिली. गावात आकडा, बसऱ्यालाही आकडा. २०२१ मध्ये आयोगाने प्रसिद्ध केलेल्या अहवालात अशा असमान वागणुकीची कबुली दिलेली आहे. त्यामुळे नोंदीत चूक किंवा उणीव आढळल्यास कागदोपत्री पुराव्यासह आयोगाला अवश्य लिहावे.

१९४७ नंतरच्या जवानांसाठी मार्ग सोपा आहे. दिल्लीतील राष्ट्रीय युद्ध स्मारकाचे उद्‌घाटन २५ फेब्रुवारी २०१९ रोजी झाले, त्यावरील नावे संकेतस्थळावरही पाहता येतात, आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे माजी सैनिक व वीरपत्नींच्या नोंदी असतात.

महसुली आणि शालेय कागद

परदेशात मेलेल्या माणसाची नोंद गावच्या जन्म-मृत्यू नोंदवहीत, म्हणजे कोतवाल बुकात, मिळेलच असे नाही. त्याच्या नावावर जमीन असेल तर मात्र वारस लागताना फेरफार झालेला असतो, आणि फेरफाराच्या मजकुरात खातेदार केव्हा मयत झाला, वारस कोण, हे येते. १९१५ ते १९२५ या वर्षांचे फेरफार तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून किंवा राज्याच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावरून पाहावेत. हे कागद मोडीत असण्याची शक्यता गृहीत धरून मोडी वाचणारा जाणकार आधीच गाठावा. शाळेचे जुने जनरल रजिस्टर मिळाल्यास वडिलांचे नाव आणि जन्मवर्ष जुळवता येते. एकाच नावाचे दोन चुलतभाऊ युद्धावर गेलेले असतात, तेव्हा निर्णय याच कागदावर होतो.

सापडलेली नावे गावाला कशी द्यावीत

प्रत्येक नावापुढे ते कोणत्या आधारावर मिळाले हे लिहावे: आयोगाची नोंद, पदकाची कड, फेरफार, की केवळ घरातील सांगणे. ज्या नावाला दोन स्वतंत्र आधार आहेत ती एका यादीत आणि ज्यांना एकच आधार आहे ती दुसऱ्या यादीत ठेवावीत. शिळेवरील आकडा नऊ आणि नावे सहाच मिळाली, तर सहाच द्यावीत. आकडा भरून काढण्यासाठी ‘बहुधा’ हेच असावेत अशी नावे घालू नयेत. उलट, नावे आकड्यापेक्षा जास्त निघाली तरी बिचकू नये. शिळा लावल्यानंतरचे मृत्यू किंवा शेजारच्या वाडीची माणसे त्यांत असू शकतात.

यादी मराठीत टंकून तिची एक प्रत ग्रामपंचायतीला, एक शाळेला आणि एक ज्या ज्या घराने माहिती दिली त्या घराला द्यावी. ती ग्रामसभेत वाचून दाखवण्याची विनंती करावी, कारण वाचन सुरू असतानाच ‘आमच्याही घरातले एक होते’ असे म्हणणारे कोणी तरी उठते. नव्या पाटीची घाई करू नये. यादी वर्षभर गावासमोर राहू द्यावी, हरकती आणि दुरुस्त्या येऊ द्याव्यात आणि मगच दगडावर अक्षरे कोरायला द्यावीत.